‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे : शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना सोनोग्राफी शिकवताना

पावसाळ्यातील रात्र. महामार्गावर घसरलेल्या दुचाकीचा चालक १०८ रुग्णवाहिकेतून इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात आणला जातो. अंगावर मोठी जखम नाही, हाड मोडलेले नाही, तो बोलतोही आहे. दुचाकीचे हँडल पोटात बसल्याचे मात्र तो सांगतो. नाडी जलद चालते आहे आणि रक्तदाब उतरत चालला आहे. पोटात रक्तस्राव होत असेल तर त्याला विनाविलंब शस्त्रक्रियागृहात न्यायला हवे. होत नसेल तर रक्तदाब उतरण्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. सीटी स्कॅनने चित्र स्पष्ट होईल, परंतु रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाला स्कॅनच्या खोलीत नेणे धोक्याचे असते. अशा वेळी रुग्णाच्या उशाशी उभा असतो तो बहुधा शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, म्हणजेच निवासी डॉक्टर. त्याच्या हाताशी सोनोग्राफीचे छोटे यंत्र असते आणि निर्णयाला काही मिनिटे.

हा प्रसंग कोणा एका रुग्णाचा नाही. अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही इस्पितळात तो वारंवार घडतो. रुग्णखाटेलगतच्या सोनोग्राफीचे कौशल्य शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला का शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ते कसे शिकवावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. यंत्र आज विकत मिळते. मोबाइलला जोडता येणारे, खिशात मावणारे प्रोबही बाजारात आहेत. यंत्रासोबत विकत मिळत नाही ती पाहणाऱ्याची नजर, आणि तिच्याहून महत्त्वाची अशी तिच्या मर्यादांची जाण.

काळी रेघ

माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या ध्वनिलहरी दर सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या असतात. प्रोबमधून निघालेल्या या लहरी शरीरातील मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात. वाटेत निरनिराळ्या अवयवांच्या सीमारेषांवरून त्या परावर्तित होतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून यंत्र चित्र तयार करते. हाडावरून जवळजवळ सगळी लहर परतते, म्हणून हाड पांढरे दिसते आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. हवा लहरींना विस्कटून टाकते. द्रवातून मात्र लहरी विनाअडथळा पार होतात. प्रतिध्वनी नसल्यामुळे द्रव पडद्यावर काळा दिसतो. नुकतेच सांडलेले रक्त हा द्रवच.

या साध्या नियमावर ‘फास्ट’ ही तपासणी उभी आहे. अपघातग्रस्त रुग्णाची सोनोग्राफीने केलेली नेमकी तपासणी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. हिच्यात चार ठिकाणी पाहिले जाते: उजव्या बाजूला यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये, डाव्या बाजूला प्लीहेभोवती, ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे व आजूबाजूला, आणि छातीच्या मधल्या हाडाखालून वर हृदयाभोवती. उताणे झोपलेल्या माणसाच्या पोटात सांडलेले रक्त खोलगट जागा शोधत जाते, आणि या त्याच जागा आहेत. पुढे या चार ठिकाणांना छातीच्या दोन्ही बाजूंची जोड मिळाली आणि विस्तारित ‘फास्ट’ रूढ झाली.

या तपासणीत यकृताचा आकार मोजायचा नसतो, मूत्रपिंडातील खडा शोधायचा नसतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: येथे काळी रेघ आहे का? सविस्तर सोनोग्राफी हे रेडिओलॉजिस्टचे क्षेत्र आहे आणि त्यासाठी त्याचे स्वतंत्र, दीर्घ शिक्षण झालेले असते. शल्यचिकित्सक एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आणि त्या उत्तरावर पुढची कृती तोच करणार असतो. या दोन कामांतील भेद विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याच दिवशी पक्का करावा लागतो.

नळीपासून प्रोबपर्यंत

वैद्यकीय सोनोग्राफीच्या इतिहासात १९५८ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी पोटातील गाठींच्या तपासणीत या ध्वनिलहरींचा उपयोग दाखवणारा निबंध त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. धातूच्या जोडकामातील दोष शोधणाऱ्या औद्योगिक उपकरणापासून त्यांच्या प्रयोगांना सुरुवात झाली होती.

अपघातग्रस्ताच्या पोटातील रक्तस्राव ओळखण्यासाठी मात्र पुढची अनेक वर्षे वेगळीच पद्धत प्रचलित होती. १९६५ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या या पद्धतीत बेंबीखाली लहान छेद घेऊन पोटात नळी सोडत, खारट द्रव आत ओतत आणि तो बाहेर काढून त्यात रक्त आहे का हे तपासत. पद्धत परिणामकारक होती, पण ती स्वतःच एक छोटी शस्त्रक्रिया होती आणि पुन्हा पुन्हा करण्याजोगी नव्हती.

युरोपातील, विशेषतः जर्मनीतील शल्यचिकित्सकांनी या कामासाठी सोनोग्राफी स्वतःच्या हाती घेतली. जर्मनीत १९८८ पासून शल्यचिकित्सेच्या विशेषज्ञतेसाठी सोनोग्राफीचे प्रावीण्य आवश्यक ठरले. अमेरिकेत हा बदल १९९० च्या दशकात आला. अटलांटा येथील ग्रेडी मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सक ग्रेस रोझिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रशिक्षण घेतलेले शल्यचिकित्सक ही तपासणी विश्वासार्हपणे करू शकतात हे दाखवून दिले. ‘फास्ट’मधील दुसरे अक्षर आरंभी ‘उदर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. हृदयाभोवतीची जागाही तपासणीत असल्यामुळे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तेथे ‘तपासणी’ या अर्थाचा शब्द सुचवला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निवेदनापासून तो रूढ झाला. अपघातग्रस्तांवरील प्राथमिक उपचारांच्या, जगभर शिकवल्या जाणाऱ्या ‘एटीएलएस’ अभ्यासक्रमातही ‘फास्ट’ला स्थान मिळाले.

हात कसा घडतो

शल्यचिकित्सेच्या जगात एक जुनी म्हण आहे: एकदा पाहा, एकदा करा, एकदा शिकवा. सोनोग्राफीच्या बाबतीत ती पुरेशी ठरत नाही. दुसऱ्याने काढलेले चित्र ओळखता येणे आणि ते स्वतःच्या हाताने मिळवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

म्हणून पहिला धडा यंत्राचा. कमी कंपनसंख्येच्या लहरी खोलवर जातात, पण त्यांचे चित्र कमी बारकाव्याचे असते. अधिक कंपनसंख्येच्या लहरी बारकावे दाखवतात, पण उथळ राहतात. त्यामुळे पोटासाठी वक्र प्रोब आणि शिरा, फुप्फुसाचे आवरण किंवा कातडीखालचे गळू यांसाठी सपाट प्रोब निवडावा लागतो. खोली किती ठेवावी, पडद्याची उजळण किती ठेवावी, प्रोबवरची खूण कोणत्या दिशेला धरावी, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रोब निर्जंतुक कसा करावा, या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु उजळण चुकली तर काळी रेघ करडी दिसते आणि नजरेतून सुटते.

दुसरा धडा निरोगी शरीराचा. विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात. यकृत आणि उजवे मूत्रपिंड एकमेकांना टेकलेले कसे दिसतात, श्वासाबरोबर ते कसे खालीवर सरकतात, हे शेकडो वेळा पाहिल्यावरच त्यांच्यामध्ये शिरलेली परकी रेघ उठून दिसते. काही प्रशिक्षणकेंद्रांत, मूत्रपिंडाच्या विकारामुळे उदरपोकळीत द्रव भरून डायलिसिस घेणारे रुग्ण स्वेच्छेने सरावासाठी सहकार्य करतात. त्यांच्या पोटात द्रव असतोच, त्यामुळे जिवावरच्या प्रसंगाबाहेर, शांतपणे, विद्यार्थ्याला तो पाहता येतो. सुई घालण्याच्या सरावाला महागडे यंत्रमानव लागतातच असे नाही. जिलेटिनचा ठोकळा किंवा कोंबडीच्या मांसाचा तुकडा यांवरही सुरुवातीचा हात बसतो.

तिसरा धडा बारकाव्यांचा, आणि चांगला शिक्षक येथे ओळखू येतो. उजव्या बाजूला नवखा विद्यार्थी यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधोमध पाहून समाधान मानतो. थोडे रक्त मात्र पुष्कळदा आधी यकृताच्या खालच्या टोकाशी जमते, म्हणून प्रोब तेथवर सरकवावाच लागतो. डाव्या बाजूचे मूत्रपिंड अधिक वर आणि मागे असते, त्यामुळे प्रोब धरलेल्या हाताची बोटे जवळजवळ बिछान्याला टेकली पाहिजेत. त्या बाजूला रक्त प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये जमण्याऐवजी प्लीहेच्या वर, श्वासपटलाखाली साठू शकते. ओटीपोट पाहायचे ते मूत्रमार्गात नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यापूर्वी. भरलेले मूत्राशय ही त्या भागाची खिडकी असते. नळी आधी घातली तर खिडकी बंद होते.

चौथा टप्पा रुग्णांवरील देखरेखीखालच्या सरावाचा. किती तपासण्या केल्या म्हणजे विद्यार्थी तयार झाला, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या तज्ज्ञसंघटनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी, दर्जा तपासला गेलेल्या २५ ते ५० तपासण्यांचा दंडक सांगतात. यातील आकड्याइतकेच ‘दर्जा तपासला गेलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विद्यार्थ्याने काढलेली चित्रे जतन झाली पाहिजेत, जाणकाराने ती नंतर पाहिली पाहिजेत, आणि त्याच रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये किंवा शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय आढळले ते विद्यार्थ्याला कळवले गेले पाहिजे. हा परतीचा निरोप मिळाला नाही तर पन्नास तपासण्यांनी चूक सुधारत नाही, अंगवळणी पडते.

सर्वांत अवघड धडा

हे सारे आत्मसात केलेल्या विद्यार्थ्यासमोर खरी परीक्षा येते ती पडदा स्वच्छ दिसतो तेव्हा.

सरावलेल्या हातालाही साधारणतः दोनशे मिलिलिटरपेक्षा कमी रक्त सापडणे कठीण असते. नवख्याला त्याहून बरेच अधिक लागते. अपघातानंतर दहाव्या मिनिटाला स्वच्छ दिसलेले पोट तासाभराने तसेच असेल, असे नाही. रक्त गोठले की ते काळे न दिसता आजूबाजूच्या ऊतींसारखे करडे दिसते. आतडे फाटले असेल तर सुरुवातीला द्रव अगदी थोडा असू शकतो. मूत्रपिंडांच्या मागील, उदरावरणाबाहेरच्या जागेत किंवा कमरेच्या मोडलेल्या हाडांभोवती होणारा रक्तस्राव या तपासणीत सहसा पकडला जात नाही. स्थूल शरीर, आतड्यांतील हवा, कातडीखाली शिरलेली हवा यांमुळे चित्रच नीट मिळत नाही.

म्हणून ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांमधला फरक हा या शिक्षणाचा गाभा ठरतो. पहिले विधान पाहणाऱ्याविषयी आहे, दुसरे रुग्णाविषयी. तपासणीच्या नोंदीत तीन उत्तरांना जागा हवी: द्रव आहे, द्रव दिसला नाही, आणि चित्र पुरेसे स्पष्ट मिळाले नाही. तिसरे उत्तर लिहिण्यास निवासी डॉक्टर कचरतो, कारण त्याला ते स्वतःच्या अपुरेपणाची कबुली वाटते. वरिष्ठाने ते उत्तर निर्भर्त्सना न करता स्वीकारले, तरच पुढच्या वेळी विद्यार्थी ते प्रामाणिकपणे लिहील.

उलट बाजूची चूकही घडते. काळी रेघ म्हणजे रक्तच, असे नसते. यकृत खराब झालेल्या माणसाच्या पोटात जलोदराचे पाणी आधीपासून असू शकते. पाळीच्या वयातील स्त्रीच्या ओटीपोटात थोडा द्रव स्वाभाविकपणे असतो. मूत्रपिंडाभोवतीची आणि हृदयावरची चरबीही नवख्याला फसवते. त्यामुळे तपासणीचे उत्तर रुग्णाच्या स्थितीबरोबरच वाचावे लागते. रक्तदाब कोसळलेला आणि पोटात द्रव स्पष्ट, अशा रुग्णाची पुढची वाट बहुधा शस्त्रक्रियागृहाची असते. द्रव आहे पण रुग्ण स्थिर आहे, तर सीटी स्कॅन करून इजा नेमकी कुठे व किती आहे हे पाहता येते. यकृताच्या किंवा प्लीहेच्या अनेक इजा शस्त्रक्रियेविना, काटेकोर निरीक्षणाखाली बऱ्या होतात.

छातीच्या तपासणीतही हेच सूत्र आहे. श्वासाबरोबर फुप्फुसाची दोन आवरणे एकमेकांवर सरकताना पडद्यावर दिसली, तर निदान त्या जागी तरी आवरणांमध्ये हवा साठलेली नाही, असे म्हणता येते. सरकणे दिसले नाही, तर हवा साठली असण्याची शक्यता आहे. परंतु जुन्या आजाराने आवरणे चिकटलेली असली किंवा श्वासनलिका एकाच फुप्फुसाकडे गेली असली, तरी ते दिसत नाही.

शीर शोधून त्यात नळी घालताना याच धड्याचा निराळा आविष्कार दिसतो. मानेतील मोठी शीर आणि मेंदूकडे रक्त नेणारी धमनी अगदी शेजारी असतात. प्रोबने दाबल्यावर शीर सहज चपटी होते, धमनी सहसा होत नाही. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने ही नळी घालावी, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्येच केली. पण पडद्यावर दिसणारा चमकता ठिपका सुईचे टोक असेल असे नाही, तो सुईचा मधला भागही असू शकतो. टोक आधीच पुढे, भलत्या ठिकाणी पोहोचलेले असते. टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही, हा नियम हातात मुरेपर्यंत सराव घ्यावा लागतो.

कायद्याची चौकट

भारतात या शिक्षणाला आणखी एक परिमाण आहे. सोनोग्राफीच्या गैरवापरातून होणाऱ्या स्त्रीभ्रूणहत्येला आळा घालण्यासाठी १९९४ साली संसदेने कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार यंत्र आणि ते जेथे वापरले जाते ते ठिकाण यांची सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ते कोणी वापरावे यासाठी पात्रतेच्या अटी आहेत. गर्भवतीची तपासणी केल्यास विहित नमुन्यात नोंद ठेवावी लागते आणि गर्भाचे लिंग कोणत्याही प्रकारे सूचित करणे हा गुन्हा आहे. हाती धरून नेता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावरही नियमांनी मर्यादा घातल्या आहेत.

या कायद्यामागे हजारो न जन्मलेल्या मुलींचा इतिहास आहे. त्यामुळे छोटे यंत्र खिशात घालून कुठेही फिरण्याची मोकळीक येथे नाही, आणि त्याची कारणे विद्यार्थ्याला समजावून सांगणे हा अभ्यासाचाच भाग आहे. यंत्राची नोंदणी, वापरणाऱ्याची पात्रता आणि तपासणीची नोंद या बाबी संस्थेने आधीच चोख ठेवल्या, तर मध्यरात्री रुग्णासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला कायद्याची भीती बाळगून हात आखडता घ्यावा लागत नाही.

बांबोळीपासून जिल्हा इस्पितळापर्यंत

गोव्यात पदव्युत्तर शल्यचिकित्सा शिक्षणाचे प्रमुख केंद्र बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय-शल्य विद्यालयाचा वारसा या संस्थेकडे आहे. मोठ्या शिक्षण-रुग्णालयात विविध विषयांचे तज्ज्ञ आणि सीटी स्कॅन एकाच आवारात असतात. परंतु राष्ट्रीय वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार २०२१ पासूनच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील आरोग्यव्यवस्थेत काम करणे बंधनकारक झाले आहे. देशातील कित्येक जिल्हा इस्पितळांत रात्री रेडिओलॉजिस्ट उपस्थित नसतो. तेथे रुग्णाला पुढे पाठवायचे की नाही, आणि किती घाईने, हे ठरवताना विद्यार्थ्याच्या हातातील कौशल्याची कसोटी लागते. म्हणून हे शिक्षण त्या तीन महिन्यांच्या आधी पूर्ण व्हायला हवे.

त्यासाठी लागते ते थोडकेच: नोंदणीकृत यंत्र, शिकवणारा जाणकार, चित्रांच्या साप्ताहिक फेरतपासणीसाठी राखून ठेवलेला तास, आणि रेडिओलॉजी विभागाचे सहकार्य. यांपैकी सर्वांत दुर्मीळ असतो तो वेळ. चोवीस तासांच्या कामाने थकलेल्या निवासी डॉक्टरला ‘फावल्या वेळात शिक’ असे सांगणे म्हणजे न शिकवणेच.

या विषयाचा संबंध रुग्णाच्या नातेवाइकांशीही येतो. ‘मघाशीच सोनोग्राफी झाली, काही नाही म्हणालात, मग आता पुन्हा कशाला?’ हा प्रश्न आपत्कालीन विभागात हमखास विचारला जातो आणि कधी त्याला संशयाची धारही असते. पोटाला मार लागलेल्या रुग्णाची तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा करणे, पहिली स्वच्छ आली तरी त्याला निरीक्षणाखाली ठेवणे, गरज भासल्यास सीटी स्कॅनला पाठवणे, हे योग्य शिक्षण मिळाल्याचे लक्षण आहे. डॉक्टरनेही पहिल्याच वेळी ‘काही नाही’ असे न म्हणता ‘या क्षणी काही दिसत नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहू’ असे सांगितले, तर तो प्रश्न बहुधा उद्भवणारच नाही.